खिडकीपासून बाकापर्यंत

"बस जरा," काचेपलीकडून तिची चष्मेवाली मैत्रीण म्हणाली. दोनच शब्द, तेही रोजच्या आवाजात. पण काचेबाहेर भावाच्या ऑपरेशनचं विचारायला आलेली ती जिथल्या तिथं थिजली. रुग्णालयाच्या चौकशीच्या याच खिडकीमागं तिनं स्वतः अर्धं आयुष्य काढलं होतं, आणि इथं माणसाला बसायला कधी सांगतात हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. या खिडकीवर एरवी कोणी कोणाला बसा म्हणत नाही. काठी टेकत आलेला म्हातारा असो, कडेवर रडकं पोर घेतलेली बाई असो, नाव विचारायचं, मजला सांगायचा, पुढच्याला बोलवायचं. बसायला सांगण्याइतका वेळ कोणाकडं असतो. "बसा जरा" हे फक्त एकाच वेळी म्हणतात. वरच्या वॉर्डातून फोन येतो, नर्स हळू आवाजात म्हणते, "यांच्या घरचं कोणी खाली आलं तर बसवून घ्या," आणि खिडकीतल्या बायकांना पुढचं काही विचारावं लागत नाही. मग खिडकीतली बाई घरच्यांना म्हणते, बसा जरा. आणि उठते.

ती उठते आणि बाहेर येते, हा सगळा मुद्दा. मेलेल्या माणसाची बातमी काचेतल्या भोकातून द्यायची नाही, हे कोणी कधी ठरवलं कोण जाणे. तिला नोकरी लागली तेव्हा जुन्या बायका तसंच करायच्या आणि त्यांच्याआधीच्याही तसंच करायच्या. खिडकीच्या खोलीला दार आहे ते मागल्या बाजूला. बाकापर्यंत यायचं तर जुन्या कागदपत्रांच्या खोलीवरून जायचं, जिना ओलांडायचा, लिफ्टपाशी गर्दीतून वाट काढायची आणि मग पुढच्या हॉलमध्ये यायचं. हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाकडं जायला केवढा तो द्राविडी प्राणायाम. नवीन असताना ती करवादायची, अगं इथंच एक दार काढून घेऊ या ना. तेव्हा एक जुनी बाई म्हणाली होती, नको, तेवढं चालणं लागतं. आपल्यालाही लागतं आणि त्यांनाही लागतं. बाकावर पोचलं की शेजारी बसायचं, समोर उभं राहायचं नाही. पाणी हवं का विचारायचं. आणि मग विचारायचं, "मी सांगू?" काही माणसं लगेच सांगा म्हणतात. काही म्हणतात, माझ्या भावाला येऊ द्या. एक बाई मात्र डबा उघडून जेवली होती, शांतपणे, शेवटच्या घासापर्यंत, आणि मग तोंड पुसून म्हणाली होती, हं, सांगा. ती जेवत असताना हीच शेजारी बसून होती.

आज तीच त्या बाकावर बसली. म्हणजे बसली असावी, कारण बाकाचा गार पत्रा तिला जाणवला. मान वळवून तिनं खिडकीकडं पाहिलं. चष्मेवालीनं फळी आडवी लावली होती, 'थोड्या वेळात येते' अशी. रांगेतला एकजण घड्याळाकडं बघत पुटपुटला. म्हणजे चष्मेवाली उठली. छे, उठली म्हणून काय झालं. चहाला उठली असेल. मैत्रीण आलीये, भाऊ वर ऑपरेशनला गेलाय, तिला म्हणाली बस, दोन कप घेऊन येते. मैत्रिणीला बस म्हणू नये असा काही कायदा आहे का. पण चष्मेवालीनं मान वर केली नव्हती. बोलताना चष्मा नाकावरून खाली आला होता आणि तिनं तो वर ढकलला नव्हता, आणि दिवसातून शंभर वेळा चष्मा वर ढकलणारी ही बाई. मनाची समजूत काढायची म्हटलं की मन सगळं ऐकून घेतं आणि शेवटी विचारतं, बरं, मग तो चष्मा खालीच का राहिला?

तेवढ्यात मांडीवरच्या पर्समध्ये फोन थरथरला. एकदा, आणि क्षणभर थांबून पुन्हा एकदा. ही अशी दोनदा थरथर कशाची ते तिला न बघता कळलं. आपल्या पोराचं रडणं आईला गर्दीत ओळखू येतं म्हणतात, तसंच हे. ते तिचंच होतं. म्हणजे करणारे ते शेजारच्या इमारतीतले प्रोग्रॅमर, पण सुचवणारी ती. ऑपरेशनच्या या एका इमारतीत नवी संगणकप्रणाली परवापासून चाचणीला लावली होती. पेशंटच्या नोंदीत वॉर्डातून काही बदल झाला की घरच्यांच्या फोनवर आपोआप संदेश जायचा. काल संध्याकाळी दादाला दाखल करताना नातेवाइकाचा फोन नंबर म्हणून तिनं मोठ्या ऐटीत स्वतःचा नंबर दिला होता. काउंटरवरच्या मुलीला म्हणालीसुद्धा, बघू या आमचं लेकरू कसं चालतंय. संदेशातली वाक्यंही तिनंच बसून ठरवलेली. 'आपल्या रुग्णाच्या स्थितीत बदल झाला आहे. पाहण्यासाठी येथे दाबा.' आधी त्यांनी 'स्टेटस अपडेट' लिहिलं होतं. तिनं म्हटलं होतं, असलं काही नको रे, साध्या माणसाला कळेल असं लिहा. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तिला वाटलं होतं, आपण केवढं मोठं काम केलं.

पर्सवर हात दाबून ती बसून राहिली. ऑपरेशन संपून खोलीत हलवलं असेल, तरी स्थितीत बदलच की. बदल काय, चांगलाही असतो. दाबलं की कळेल. एका बोटाचं काम. हात मात्र पर्सच्या चेनवरून पुढं सरकेना.

त्या प्रोग्रॅमर मंडळींकडं ती पहिल्यांदा गेली तो दिवस तिला आठवला. रुग्णालयानं नवी प्रणाली करायला घेतली तेव्हा वरून फर्मान आलं, प्रत्येक विभागानं आपला एक माणूस द्यावा, म्हणजे वापरणाऱ्यांना विचारूनच सगळं होईल. खिडकीतल्या बायका एकमेकींकडं बघून हसल्या होत्या. आपल्याला विचारणार? सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा. मग तिलाच पुढं ढकललं, तुझं तोंड चालतं, तू जा. शेजारच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, आणि तिच्या लेकीच्या वयाची माणसं, म्हणजे लेक असती तर. त्यांचा प्रमुख एक दाढीवाला, बोलायला मऊ. त्यानं तिच्यासाठी खुर्ची ओढली, समोर बसला आणि म्हणाला, "काकू, तुम्हाला काय वाटतं?" ती गडबडूनच गेली. तिनं मागं वळून पाहिलं, मागं आणखी कोणी काकू आहे की काय. पन्नाशी उलटलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी समोर बसून, पेन हातात धरून विचारत होतं की तुला काय वाटतं. त्या दिवशी घरी जाताना तिनं उगीचच केसात लावायला एक क्लिप घेतली होती.

घरात विचारायची पद्धतच नव्हती. दादा गाडी शिकवायचा. जन्मभर शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसला, आणि त्या गाड्यांना शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. घरातही दादाच्या पायाशी तो दुसरा ब्रेक होताच. आईवडील लवकर गेले, दादानं हिला वाढवलं, त्यात काही कमी केलं नाही, हेही खरं. पण कॉलेजात कोणते विषय घ्यायचे ते दादानं ठरवलं, नवरा दादानं ठरवला, आणि नवरा गेल्यावर हिचं सामान टेम्पोत घालून परत आणायचंही दादानंच ठरवलं. "अरे, मला विचारायचंस तरी," असं ती एकदाच म्हणाली होती. दादा खरोखरच नवल वाटून तिच्याकडं बघत राहिला. "विचारायचं काय त्यात, चिमे?" त्याच्या आवाजात राग नव्हता. पुढं खड्डा दिसला की ब्रेक दाबायचा, शेजारच्याला विचारत बसायचं का? त्याचं काही चुकत नव्हतं आणि हिचा जीव मात्र आतल्या आत कोंडत होता. तिला गाडी शिकायची होती. सगळ्या गावाला शिकवणाऱ्यानं बहिणीला शिकवली नाही. तुला काय करायचीय गाडी, मी आहे ना.

त्यामुळं त्या लांबट खोलीनं तिला भूल घातली, त्यात नवल ते काय. हे बटण इथं हवं की तिथं, काकू? हा रंग डोळ्यांना त्रास देतो का, काकू? सुरुवातीला ती खिडकीवर परत येऊन बायकांना विचारायची, अगं, ते असं म्हणताहेत, तुम्हाला चालेल का. बायका आपापसांत भांडायच्या, दहा तोंडांनी दहा उत्तरं द्यायच्या, आणि ती दुसऱ्या दिवशी तिकडं जाऊन सांगायची, थांबा, अजून आमचं ठरत नाहीये. दाढीवाल्याचा चेहरा पडायचा. बोलायचा काही नाही, पण पडायचा. तिला ते बघवेना. हळूहळू ती तिथल्या तिथंच सांगू लागली, "आमच्या बायकांना चालेल." मग तेही सोडलं आणि नुसतं "चालेल" म्हणू लागली. विचारणाऱ्याला नाही म्हणायची तिला सवयच नव्हती, कारण विचारणाराच कधी भेटला नव्हता. भुकेल्याला पान वाढलं तर तो मीठ कमी आहे म्हणतो का. मागच्या महिन्यात तर दाढीवाल्यानं तिला कायमचं तिकडंच बोलावलं. तिचं टेबल, तिच्या नावाची पाटी. आज दुपारी बैठक होती, त्यात तिनं खिडकीच्या वतीनं 'मान्य' म्हणायचं, की पुढच्या आठवड्यात सगळ्या रुग्णालयात प्रणाली सुरू. दादाचं ऑपरेशन सकाळी लवकर म्हणूनच तिनं बैठक पुढं ढकलली नव्हती. तोवर तो शुद्धीवर येईल, असा हिशेब.

ते संदेशाचं असंच झालं. ती एकदा सहज म्हणाली होती की माणसं दिवसभर तेच तेच विचारायला रांगेत उभी राहतात, पाय मोडतात बिचाऱ्यांचे. आठवड्याभरात त्यांनी करून दाखवलं. फोन थरथरला आणि सगळी खोली तिच्याकडं बघायला लागली. "काकू, हे तुमच्यामुळं सुचलं." छान, ती म्हणाली. छानच होतं ते. पायपीट वाचणार होती, रांग निम्मी होणार होती. आणि खोटं कशाला बोला, त्या भरात तिनंच पुढचं शेपूट जोडलं, "पण लोक फोन बघत नाहीत हो. उघडून बघेपर्यंत दर थोड्या वेळानं वाजत राहू दे." दाढीवाल्यानं टाळी दिली होती. तिला, या वयात, कोणी टाळी दिली होती.

बाकाचं तिनं त्यांना कधी सांगितलंच नाही. लपवलं असं नव्हे. खिडकीवर काय काय करता असं त्यांनी विचारलं तेव्हा तिनं नावं शोधणं सांगितलं, खाटा सांगितल्या, भेटायच्या वेळा सांगितल्या, हरवलेल्या छत्र्यासुद्धा सांगितल्या. कोणाच्या शेजारी जाऊन बसणं हे काम आहे असं तिच्या डोक्यातच आलं नाही. पाय आहेत म्हणून चालतो, तसं ते. पण चष्मेवालीच्या डोक्यात आलं होतं. एकदा डबा खाताना तिनं विचारलं, "सगळं आपोआप कळणार म्हणतेस. आणि कोणाला बसवायचं असेल तेव्हा गं?" चूक हिला त्याच क्षणी दिसली होती, लख्ख. नंतर आठवलं, लक्षात राहिलं नाही, असल्या सबबी सांगायची सोय नव्हती. तरीही ही म्हणाली, "ते बघू पुढच्या टप्प्यात." हे शब्द तिचे नव्हतेच, ते त्या लांबट खोलीतले. चष्मेवाली एवढंच म्हणाली, "बरं बाई. आम्ही काय, वापरणारे." त्या दिवसापासून हिच्यासाठी डब्यातला वाटा वेगळा काढून ठेवणं तिनं बंद केलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

पर्स पुन्हा थरथरली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं वाकून पाहिलं आणि सांगितलं, "बाई, तुमचा फोन वाजतोय." ती म्हणाली, "हो, माझाच आहे." तिचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

आणि मग परवाची संध्याकाळ आठवलीच. ती आठवू नये म्हणून तर मन इतका वेळ इकडंतिकडं पळत होतं. डॉक्टरांनी दोन्ही वाटा सांगितल्या होत्या. पोटातली गाठ काढता येईल, पण हृदय तेवढं धड नाही, धोका आहे. नाही काढली तर औषधांवर काही काळ निघेल. दादा घरी येऊन खुर्चीत बसला. पाय जमिनीवर, उजवा पाय जरा पुढं, जन्माची सवय. ती भाजी निवडत होती. आणि दादा म्हणाला, "चिमे, तुला काय वाटतं?" तिला नीट ऐकूच आलं नाही. तो पुन्हा म्हणाला, "करू का नको? तुला काय वाटतं?" आयुष्यात एकदा त्यानं ब्रेकवरचा पाय काढला होता. या प्रश्नासाठी तिनं केवढी वर्षं वाट पाहिली होती, मनातल्या मनात किती उत्तरं देऊन ठेवली होती. आणि प्रश्न आला तेव्हा ती काय म्हणाली? हातातली भाजी खाली न ठेवता, त्या लांबट खोलीतल्या हसऱ्या, तयार आवाजात म्हणाली, "करून टाक की. चालेल." चालेल. बटण डावीकडं हलवू का, चालेल. दादानं मान हलवली. "बरं," म्हणाला. त्याला आणखी काही बोलायचं होतं का? तो घाबरला होता का? ती त्याच्या शेजारी जाऊन का बसली नाही? अनोळखी माणसांच्या शेजारी जन्मभर बसलेली बाई, स्वतःच्या भावाच्या शेजारी बसली नाही. तिनं भाजी निवडून संपवली.

लिफ्टपाशी गर्दी फुटली आणि तिला चष्मेवाली दिसली. हात रिकामे होते. चहाचे कप नव्हते. ती घाईनं येत नव्हती, रेंगाळतही नव्हती. या बायका जशा चालतात तशी चालत होती, समोर बघत, वाटेतल्या कोणाच्याही प्रश्नाला न थांबता. ही चाल बाकावरून कशी दिसते हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. दिसायला काही विशेष नाही. एक बाई आपल्याकडं येते आहे, एवढंच. पण ती येते आहे, आपल्यासाठी उठून एवढा लांबचा वळसा घालून येते आहे, हे बघता बघता माणूस श्वास घ्यायला शिकतो. तेवढं चालणं लागतं, जुनी बाई म्हणाली होती.

चष्मेवाली शेजारी बसली. दोघींचे खांदे लागले. म्हातारा आपणहून जरा सरकला.

"पाणी आणू?"

"नको."

पर्स तिसऱ्यांदा थरथरली. दोघींनीही तिच्याकडं पाहिलं.

"उघडलास का तो संदेश?" चष्मेवालीनं विचारलं.

"नाही."

"बरं केलंस."

"उघडेपर्यंत वाजतच राहणार. मीच सांगितलं होतं तसं करायला." ती हसली, म्हणजे तोंड तसं झालं. "आणि तो गप्प करायची सोय मी मागितलीच नाही गं. सुचलंच नाही."

"दे इकडं." चष्मेवालीनं पर्समधून फोन काढला, पडदा स्वतःच्याही डोळ्यांना दिसू नये असा उलटा धरला, बाजूचं बटण दाबून तो बंदच करून टाकला आणि बाकावर दोघींच्या मध्ये ठेवला. "एक मिनिटाचं काम होतं. विचारायचंस की आम्हाला." मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं असावं. तिनं चष्मा वर ढकलला आणि हिचा हात हातात घेतला. तिची बोटं गार होती आणि हिचीही.

"दुपारी बैठक आहे," ती म्हणाली. "मी त्यांना इथं बोलावणार आहे. या बाकावर. एकेकाला बसवणार आहे."

"बसव. आता बैठकीचं कशाला काढतेस."

"मान्य नाही म्हणणार आहे मी."

"म्हण. मी येते तुझ्याबरोबर. सगळ्या येऊ."

खिडकीपुढची रांग वाढली होती, पण फळीकडं बघून आता कोणी पुटपुटत नव्हतं. एक दोघांनी बाकाकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मग चष्मेवालीनं विचारलं, अगदी तसंच, जसं त्या दोघींनी हजारदा विचारलं होतं, दोघींनी एकाच जुन्या बाईकडून शिकलेल्या आवाजात.

"मी सांगू?"

तिच्या तोंडावर आलेलं पहिलं उत्तर तेच होतं, रोजचं, तयार. चालेल. ते तिनं गिळलं. ते गिळायला किती जड जातं, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

"थांब जरा," ती म्हणाली.

चष्मेवाली थांबली. तिनं घड्याळ पाहिलं नाही की खिडकीकडं पाहिलं नाही. तिच्या शेजारी बसून दादाच्या बहिणीनं खाली पाहिलं, तर आपला उजवा पाय जरा पुढं सरकून फरशीवर घट्ट दाबलेला. कधी दाबला होता कोण जाणे. पोटरी दुखायला लागली होती. परवा भाजी खाली ठेवून एवढंच म्हणायला हवं होतं, थांब जरा दादा, मला विचार करू दे, तुझ्याजवळ बसते. मग आपण काय उत्तर दिलं असतं हे तिला अजूनही कळत नव्हतं. कदाचित करच म्हणाली असती. पण शेजारी बसून म्हणाली असती. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. चष्मेवालीनं हात सोडला नाही, उगी उगी केलं नाही, काही समजावलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं पाय उचलला आणि मागं घेतला.

"पुन्हा एकदा विचार," ती म्हणाली.

चष्मेवालीनं विचारलं, "सांगू?"

"सांग."